कान्हेरीच्या उतारासाठीची तयारी

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत धावत जाऊन परत यायचे ठरले, की बहुतेक जण चढाची तयारी करतात आणि उतार फुकटात मिळेल असे गृहीत धरतात. एका बाजूचे अंतर सुमारे सहा ते सात किलोमीटर आहे, रस्ता डांबरी आहे आणि खरा चढ शेवटच्या टप्प्यात लागतो. मरीन ड्राइव्ह किंवा शिवाजी पार्कच्या सपाटीवर सराव झालेल्या माणसाला हा चढ दमवतो, पण इजा करत नाही. इजा उतरताना होते, आणि म्हणून या यादीत पहिले स्थान पायांच्या नखांना दिले आहे.

नखे कापावीत. मागच्या खेपेला मी बाकी सर्व सामान व्यवस्थित भरले होते, एवढेच राहिले, आणि दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी करून घरी आले. उतारावर प्रत्येक पावलागणिक पाय बुटात पुढे सरकतो आणि नखाची कड बुटाच्या आतल्या टोकावर आपटते. असे हजारो ठोके बसले, की नखाखाली रक्त साकळते, नख ठणकू लागते आणि कालांतराने गळून पडते. अंगठ्याचे नख मुळापासून पुन्हा पूर्ण यायला एक ते दीड वर्ष लागते, यावरून हलगर्जीपणाची किंमत लक्षात यावी. नखे सरळ रेषेत कापावीत, कोपरे आत खोल घेऊ नयेत, नाहीतर ती मांसात रुततात. कापल्यावर कड कानशीने घासावी आणि बोट फिरवून पाहावे. बोटाला जे खरखरीत लागते ते शेजारच्या बोटाची कातडीही सोलते. हे काम धावण्याच्या दिवशी पहाटे करू नये, दोन-तीन दिवस आधी उरकावे. रविवारी धावायचे असेल, तर शनिवारी संध्याकाळी आठवण होते आणि नेमके तेव्हाच घरातली मोठी माणसे हातातला नेलकटर काढून घेतात. शनिवारी आणि तिन्हीसांजेला नखे कापू नयेत, या त्यांच्या आग्रहामागचे कारण काहीही असो, या एका बाबतीत त्यांचे ऐकण्यात धावणाऱ्याचे हितच आहे. गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी कापावीत.

बूट नवे कोरे नसावेत आणि तळवा गुळगुळीत झालेलेही नसावेत. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी असावी, पण मोकळी जागा असूनही टाच सैल राहिली तर पाय पुढे घसरतोच, म्हणून बंद कसे बांधायचे ते आधी शिकून घ्यावे. बुटाच्या घोट्याजवळच्या सर्वांत वरच्या, सहसा रिकाम्या राहणाऱ्या भोकातून बंद त्याच बाजूने आत घालून छोटा फास ठेवावा, दुसऱ्या बाजूलाही तसेच करावे, मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओवून खाली ओढावे आणि गाठ मारावी. टाच जागेवर घट्ट बसते आणि बोटांवरचा दाब कमी होतो. ही युक्ती उत्तम आहे, पण नखे वाढलेली असतील तर तिचा उपयोग अर्धाच होतो. सुती मोजे घालू नयेत. ते घामाने भिजून तसेच ओले राहतात, कातडी मऊ पडते आणि फोड येतात.

पाणी न्यावे, हे सांगण्याची गरज नसावी. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही, त्यामुळे मे आणि ऑक्टोबरमध्ये आपला नेहमीचा वेग विसरावा. नुसते पाणी पीत राहण्यापेक्षा त्यात मीठ-साखर असावी: एक लिटर पाण्याला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खाऊ मात्र हातात किंवा पारदर्शक पिशवीत नेऊ नये, कारण माकडांचे लक्ष आपल्यापेक्षा आपल्या पिशवीकडे अधिक असते. त्यांना काहीही देऊ नये.

उद्यान सोमवारी पर्यटकांसाठी बंद असते. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या पासाची वेळ आणि हद्द वेगळी असते, ती फाटकावर विचारून घ्यावी. लेण्यांत जायचे असेल तर तिकीट वेगळे काढावे लागते. शिलोंढ्यासारख्या जंगलवाटांवर वन विभागाच्या परवानगीशिवाय आणि वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नये. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात बिबटे आहेत, पालापाचोळ्यात घोणस आणि फुरसे आहेत, आणि ‘जरा आत जाऊन येतो’ म्हणणाऱ्यांना शोधायला इतरांना जावे लागते. कानात इयरफोन घालू नये, एकट्याने धावू नये, अंधारात तर नाहीच. बिबट्या दिसलाच तर पळू नये, वाकू किंवा बसू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे आणि त्याला जायला वाट द्यावी.

पावसाळ्यात हा रस्ता वर्षभरातला सर्वांत देखणा आणि सर्वांत फसवा असतो. रस्त्याच्या कडेला शेवाळ धरते, वळणांवर कुजलेल्या पानांचा चिखल साचतो आणि लेण्यांच्या कोरीव पायऱ्या ओल्या झाल्या की चालणेही जपून करावे लागते, तिथे धावण्याचा विचारच नको. आणखी एक गोष्ट: पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून गेल्यास लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा धोका असतो. उपटलेले किंवा फाटलेले नख ही जखमच आहे. म्हणजे पुन्हा मुद्दा तोच. नखे कापली का, हे पिशवी भरताना विचारू नये, तेव्हा उशीर झालेला असतो. ते आधीच लिहून आरशाला चिकटवावे. जखमेसह पाण्यात पाय गेलाच, तर ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना विचारावे.

उतरताना पावले छोटी आणि झटपट टाकावीत, अंग मागे झुकवून टाचेने ब्रेक लावत येऊ नये. मांडीचे स्नायू उतारावर ताणले जात असतानाच वजन पेलतात, म्हणून चढापेक्षा उतार त्यांना महाग पडतो. पाठीमागून लेण्यांकडची बस येते, डावी बाजू सोडू नये. अर्ध्या वाटेत बोटे टोचू लागली, तर थांबून बंद पुन्हा बांधावेत. ‘फाटक जवळच आहे’ म्हणून रेटू नये. फारच दुखत असेल तर बसने परतण्यात कमीपणा नाही.

रविवारी पश्चिम रेल्वेवर जम्बो ब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद, आहे का, ते आदल्या दिवशीच पाहावे. कोरडे मोजे आणि चपला पिशवीत असाव्यात.

घरी आल्यावर पाय साबणाने धुवावेत, बोटे एकेक करून पाहावीत. नख काळे पडून ठणकत असेल तर तापवलेल्या सुईने घरी टोचण्याचे प्रयोग करू नयेत, डॉक्टरकडे जावे. मांड्यांचे दुखणे दुसऱ्या दिवशी वाढते आणि जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त जाणवते, तेव्हा सोमवारी स्टेशनच्या पुलावर कठडा धरून उतरावे आणि नेहमीच्या लोकलसाठी घरून दहा मिनिटे लवकर निघावे.