हाडाच्या ऑपरेशननंतर पू झाला आणि माणूस जेवेनासा झाला, तर घरी काय करावं?

खुब्याचा गोळा बदलला आणि पंधरा दिवसांनी टाक्यांतून पाणी यायला लागलं. पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन, मग सहा आठवडे अँटिबायोटिक्स. आमच्या सासूबाईंचं असं झालं तेव्हा वेंगुर्ल्याच्या घरात सगळ्यांचे डोळे जखमेवर होते. त्या "माका नको गो" म्हणत ताट सरकवायच्या, आम्हाला तो हट्ट वाटला. जंतुसंसर्गात शरीर स्वतःचेच स्नायू खातं, ताप आणि औषधं भूक मारतात. बळ नाही म्हणून माणूस पडून राहतो, पडून पडून मन खचतं, आणि मग घास आणखीच नकोसा होतो. म्हणून जेवण आणि मन, दोन्हीकडे एकदमच बघावं लागतं.

आधी वही करा. आठवड्यातून एकदा वजन. उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर शिंप्याच्या टेपने. ६० किलोच्या माणसाचं महिन्यात ३ किलो घटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी आलं म्हणून सुनेला बोल लावू नका, संसर्गामुळेही ते घसरतं.

मग ताट. जखम भरायला दर किलो वजनामागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोला ७२ ते ९० ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.) नुसत्या पेजेने पोट भरतं, जखम भरत नाही. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, काटे काढलेल्या १०० ग्रॅम बांगड्यातून सुमारे २०, मूठभर कुळथाच्या पिठाच्या पिठीतून सहाएक, कपभर दुधातून तेवढंच. उरलेलं डाळ, काळ्या वाटाण्याची उसळ, दही यांतून जमवा. भरलं ताट बघूनच आजाऱ्याचा जीव घाबरतो, तेव्हा दर दोन-अडीच तासांनी वाटीभरच द्या.

"मासे-अंडी नको, पू वाढतो" असं सांगणारी एक तरी आत्या प्रत्येक घरात असते. पू जंतूंमुळे होतो, बांगड्यामुळे नव्हे. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुक्यावर भर पडतो. त्यातलं मीठ रक्तदाबवाल्यांना जड जातं, म्हणून त्या दिवसांत अंडी आणि कडधान्यं वाढवा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवीच, पण त्यासाठी उपाशी ठेवू नका.

औषधांच्या वेळा जेवणाशी जुळवून घ्या. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक दुधाबरोबर, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर दिलं तर नीट शोषलं जात नाही. आधी सिप्रोफ्लॉक्सॅसिन, दूध दोन तासांनी. मेट्रोनिडॅझोलने तोंडाला पत्र्याची चव येते. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, हे आधीच सांगा, नाहीतर माणूस हबकतो.

आता मन. दोन आठवडे बहुतेक दिवस उदास, कशातच रस नाही, पहाटे झोप उडते, "मी तुमच्यावर भार झालो" असं बोलणं, यातलं जे दिसेल ते वहीत लिहा आणि हाडांच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. ते जखम बघतात, मनाचं विचारायचं राहून जातं. "धीर धर" म्हटलं की समोरचा गप्प होतो, त्यापेक्षा "आज सगळ्यात जड काय गेलं?" असं विचारा. संध्याकाळी खुर्ची पडवीत न्या, लसूण सोलायला द्या. सासूबाई आधी चिडल्या, मग आमच्या सोलण्यातल्या चुका काढू लागल्या. तेव्हा जरा हायसं वाटलं.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक चालू असेल तर त्यातल्या काही गोळ्यांशी ते धोकादायक ठरतं, म्हणून हाडांच्या आणि मनाच्या, दोन्ही डॉक्टरांना सगळ्या औषधांची यादी दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२पासून दिवसरात्र, फुकट चालतो, आणि मराठीत बोलता येतं.

ताप, नवी लाली, वाढता ठणका किंवा पुन्हा पाणी आलं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि जगण्याचा कंटाळा बोलण्यात आला तर "जीव द्यावासा वाटतो का?" हे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. गोळ्यांचा डबा स्वतःकडे घ्या, आंबा-काजूच्या फवारणीचं औषध घरातून हलवून शेजाऱ्यांच्या कुलपात ठेवा.