स्वतः बांधलेल्या लिनक्सवर कुठली फाइल कुठल्या पॅकेजची, याची नोंद कशी ठेवावी

लिनक्स फ्रॉम स्क्रॅच (एलएफएस), म्हणजे सोर्स कोडपासून स्वतः बांधायचं, पॅकेज मॅनेजर नसलेलं लिनक्स, बांधून मशीन बूट होतंय, हे धरून चालतो.

घणसोलीचा एक मुलगा अधूनमधून ठाण्याला माझ्याकडे लॅपटॉप घेऊन येतो. त्याचं ठरलेलं पालुपद: "दादा, इन्स्टॉलच्या आधी एक रिकामी फाइल बनवली, नंतर फाइंड कमांडला तिच्यापेक्षा नव्या फाइली विचारल्या. झाली की यादी!" नाही झाली. कितीतरी पॅकेजेस फाइलची जुनी तारीख जपतात, त्या फाइली फाइंडच्या 'न्यूअर' पर्यायाला दिसत नाहीत. 'सीन्यूअर'ला (तो फाइलच्या नोंदीतल्या बदलाची वेळ बघतो) दिसतात, पण मग त्याच वेळात लिहिलेले लॉगही यादीत घुसतात. आणि दुसऱ्या पॅकेजची फाइल दडपली गेली, हे कळेपर्यंत ती गेलेली असते. यादी सिस्टिमला हात लावायच्या आधी हवी.

म्हणून डेस्टडिर. प्रीफिक्स (पॅकेज शेवटी जिथे राहणार तो पत्ता) नेहमीसारखा /यूएसआर ठेवा आणि मेक इन्स्टॉलला डेस्टडिर म्हणून एक रिकामी डिरेक्टरी द्या, म्हणजे फाइली सिस्टिमऐवजी तिच्यात पडतात. मेसन आणि सीमेक या बिल्ड-साधनांनाही हे कळतं. बीझिप२ या पॅकेजला कळत नाही. त्याला इन्स्टॉल करताना प्रीफिक्सच त्या डिरेक्टरीतला द्यावा लागतो. कॉन्फिगरच्या वेळी मात्र तात्पुरता पत्ता प्रीफिक्स म्हणून कधीही देऊ नका, तो बायनरीत (तयार प्रोग्रॅममध्ये) कायमचा कोरला जातो.

त्या डिरेक्टरीत फाइंड चालवा, यादी सॉर्ट करून पॅकेजच्या नावाने ठेवा. आधीच्या याद्यांशी ताडून पाहा, म्हणजे कुणाची फाइल दडपली जाणार ते आधीच कळेल.

आता फाइली खऱ्या रूटवर न्यायच्या. मला सगळ्यात जास्त छळलं ते इथेच. आताच्या एलएफएसमध्ये /बिन, /लिब आणि /एसबिन या यूएसआरमधल्या डिरेक्टऱ्यांच्या सिमलिंक (दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) आहेत. एखादं पॅकेज डेस्टडिरमध्ये खरीखुरी 'लिब' डिरेक्टरी बनवतं. ते टारमध्ये (फाइलींच्या गाठोड्यात) बांधून रूटवर उघडलंत, की टार सिमलिंक काढून तिथे ती डिरेक्टरी ठेवतो. प्रोग्रॅम सुरू करताना लायब्रऱ्या जोडणारा लोडर सापडेनासा होतो; एलएस, सीपी, एमव्ही सगळं एका क्षणात मेलं. बॅश (कमांड घेणारी शेल) उघडी असली तर तिच्या आतलेच सीडी आणि इको तेवढे चालतात, बाकी पेनड्राइव्हवरून बूट करायचं. तेव्हा टार बांधायच्या आधी अशी डिरेक्टरी डेस्टडिरमधल्या यूएसआरमध्ये हलवा, आणि टारला 'कीप-डिरेक्टरी-सिमलिंक' हा पर्याय द्याच.

सीपीने नेणार असाल तर 'रिमूव्ह-डेस्टिनेशन' लावा. नुसतं सीपी चालू प्रोग्रॅमच्या हातातली लायब्ररी जागेवरच बदलतं आणि प्रोग्रॅम कोसळतो. मालकी रूट युजरची करताना चाओन कमांड सेटयूआयडी बिट (प्रोग्रॅम मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण) पुसतो, तेव्हा एसयू, पासडब्ल्यूडी यांसारख्या कमांडचे बिट परत लावा. यूएसआर/शेअर/इन्फोमधली 'डिर' फाइल (सगळ्या इन्फो-पुस्तिकांची सूची) डेस्टडिरमधून आधीच उडवा, नाहीतर प्रत्येक पॅकेज आधीच्यांची सूची पुसत जाईल. ईटीसीतल्या (सेटिंगच्या) फाइली हाताने बघून मगच न्या.

मग एलडीकॉन्फिग चालवा, म्हणजे लोडरची लायब्रऱ्यांची नोंद ताजी होते.

अपग्रेडला नव्या आवृत्तीच्या फाइली बसल्यावर जुन्या यादीत आहे पण नव्यात नाही, तेवढंच पुसा. रिकाम्या डिरेक्टऱ्यांना आरएमडिर (ती फक्त रिकामीच काढते), आरएम-आरएफ नाही. जीलिबसीला (जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी मूळ सी लायब्ररी) यातून वगळा, चालत्या मशीनवर तिला छेडू नये.