मिळकतकराच्या सुनावणीला जाण्याआधी

नोटीस हातात पडली की आधी तारीख बघा, रक्कम नंतर. पुण्यात घराची नवी आकारणी झाली किंवा जुनी वाढवली, की महापालिका विशेष नोटीस काढते आणि हरकत घ्यायला मुदत देते; त्या हरकतीवर मग सुनावणी होते. मुदत उलटली की आकारणी कायम होते, मग तुमचं म्हणणं कितीही खरं असो. नोटीस ज्या दिवशी मिळाली ती तारीख पाकिटावर लिहून ठेवा आणि पाकीटही जपून ठेवा.

मग आपल्या मिळकत क्रमांकाचा आकारणी उतारा मिळवा. आपण सगळे बिलातली शेवटची बेरीज बघतो. चूक मात्र उताऱ्यात असते. क्षेत्रफळ किती धरलंय, वापर निवासी की बिगरनिवासी, दर कोणता, आकारणी कोणत्या तारखेपासून, हे चार रकाने बोट ठेवून वाचा. खरेदीखतात एक क्षेत्रफळ असतं, मंजूर नकाशात दुसरं. दोन्हींच्या प्रती काढा, घर स्वतः टेपने मोजा आणि खोलीवार मापं एका कागदावर मांडा. गच्ची, पार्किंग, बंदिस्त केलेली बाल्कनी कशात धरली ते वेगळं तपासा. पेठ निरीक्षक, म्हणजे आकारणीसाठी घर बघायला येणारे महापालिकेचे कर्मचारी, पाहणीला येतील तेव्हा हा कागद पुढे ठेवला की बोलणं आकड्यांवर येतं. नुसतं ‘कर फार लावलाय’ म्हणून कुणाचा कर कमी झालेला मी पाहिलेला नाही.

आकारणीचा हिशेबही आपल्या हाताने करून बघा, तो अवघड नाही. समजा ६०० चौरस फूट घर आहे आणि हिशेबापुरता भाड्याचा दर महिन्याला चौरस फुटामागे २ रुपये धरला. वर्षाचं भाडेमूल्य झालं १४,४०० रुपये. त्यातून देखभाल दुरुस्तीचे १० टक्के वजा केले की करपात्र रक्कम १२,९६०. आता घरात मालक स्वतः राहतो म्हणून ४० टक्के सवलत लावा: भाडेमूल्य ८,६४० वर येतं आणि करपात्र रक्कम ७,७७६ वर. सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्षसंवर्धन असं एकावर एक जे चढतं, त्याचा पाया ही रक्कम. बिलातला राज्य सरकारचा शिक्षण कर तर महापालिकेचा नाहीच, तो राज्याच्या तिजोरीत जातो. म्हणून बिलाची प्रत्येक ओळ वाचा.

या ४० टक्क्यांवर जरा थांबायला हवं, कारण पुण्यातला मोठा वाद तोच. १९७० पासून स्वतःच्या घरात राहणाऱ्याला ही सवलत होती, शिवाय दुरुस्तीची वजावट कायद्यातल्या १० टक्क्यांऐवजी १५ टक्के होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की कायद्यात याला आधार नाही, आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने सवलत देणारा महापालिकेचा ठराव रद्द केला. पुढे वसुलीच्या नोटिसा निघाल्या, ओरड झाली आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ४० टक्के परत दिले. वजावट मात्र १० वर आणली. मला ही सवलत रास्त वाटते. हा कर घराच्या संभाव्य भाड्यावर बसतो आणि स्वतः राहणाऱ्याला भाडं मिळत नाही. पण राहतो हे सिद्ध करायचं ओझं राहणाऱ्यावर पडलं, हे मला पटत नाही. आणि भाड्याच्या घराला सवलत नाही, तेव्हा तो भार शेवटी भाडेकरूच्या खिशातून जातो, हे या वादात फारसं कुणी बोललं नाही.

असो, नियम आहे तोवर पुरावा लागणारच. पीटी-३ अर्जासोबत (या ४० टक्के सवलतीसाठीचा अर्ज) मालक तिथेच राहतो असं सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचं कार्ड किंवा रेशनकार्ड, आणि शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत जोडा. सगळ्या कागदांवर नाव एकच आहे ना, ते नीट बघा. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी चाळीस वर्षांच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबर लावून, सालवार जपल्या होत्या. पण मिळकत काकांच्या नावावर आणि काका जाऊन सहा वर्षं झालेली. पावत्या समोर ठेवून काकू गप्प बसल्या होत्या. आधी वारस म्हणून नाव लावून घ्यावं लागलं, त्यात चार महिने गेले. तुमच्या घरी असं काही असेल तर नोटिशीची वाट न बघता आजच नाव लावायला अर्ज द्या. आणि यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांची झेरॉक्स काढून ठेवा. दोन उन्हाळ्यांत त्यांवरची अक्षरं उडतात.

घर समाविष्ट गावांत असेल, म्हणजे २०१७ किंवा २०२१ मध्ये महापालिकेच्या हद्दीत घेतलेल्या गावांत, तर ग्रामपंचायतीच्या काळातला घरपट्टीचा उतारा आणि शेवटची पावती हवीच. तिथे कर एकदम पूर्ण न लावता टप्प्याटप्प्याने वाढवायचा असतो, तेव्हा तुमची वाढ बरोबर धरली का ते त्यावरून ताडता येतं.

जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) हीही गेला, २०१७ पासून जीएसटी आला. महापालिकेच्या स्वतःच्या हातात उरलेल्या उत्पन्नात मिळकतकर हा मोठा भाग आहे. रस्ता, कचरा, दवाखाना यांना पैसा लागतो, म्हणून सुनावणीला जाताना कर बुडवायला आलोय असा सूर ठेवू नका. योग्य तेवढा घ्या, एवढंच म्हणा.

वाद चालू असताना भरणा थांबवू नका. थकबाकीवर महिन्याला २ टक्के दंड चढतो. मान्य नसलेली रक्कम ‘हरकत राखून’ असं लेखी देऊन भरा. निकाल विरुद्ध गेला तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येतं. त्याला मुदत पंधरा दिवसांचीच आहे आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते, तेव्हा तेवढी तजवीज आधीच करून ठेवा.

सुनावणीला हरकतीच्या दोन प्रती न्या. एक त्यांना द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. गर्दी असली, साहेब जेवायला गेलेले असले तरी पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.