टर्बो की बिगर टर्बो? नवी पिकअप घेताना या चुका टाळा

"टर्बो घेऊ का साधं इंजिन?" (टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा.) या प्रश्नाला उत्तर देण्याआधी एक उलटा प्रश्न विचारावा लागतो: तुमची भरलेली गाडी घाट चढते की उतरते? शंभरातले नव्वद जण इथे गडबडतात, कारण हा विचारच केलेला नसतो. शेजाऱ्याने टर्बो घेतली म्हणून टर्बो, नाहीतर मेव्हण्याचा टर्बो उडाला म्हणून बिगर टर्बो.

नाशिकची द्राक्षं आणि नारायणगावचा टोमॅटो वाशीला निघाला की भरलेली गाडी कसारा किंवा माळशेज उतरते आणि परतीला रिकामा हौदा घेऊन चढते. रत्नागिरी-देवगडचा आंबा कोल्हापूर-पुण्याकडे निघाला की भरलेली गाडी आंबा, कुंभार्ली किंवा गगनबावड्याला चढते, तीही एप्रिल-मेच्या उन्हात. पहिल्याला ब्रेकची काळजी जास्त, दुसऱ्याला ओढीची. दोघांनी एकच गाडी घ्यायचं काही कारण नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ (गाडीच्या धुरावरचा सरकारी नियम) आलं आणि आज एक-दीड टनाच्या डिझेल पिकअपमध्ये टर्बोशिवाय इंजिन मिळत नाही. बिगर टर्बो हवं तर बहुतेक वेळा गाठ पडते ती १.२ लिटर किंवा त्याहून लहान इंजिनाच्या पेट्रोल किंवा सीएनजी मिनी ट्रकशी. म्हणजे निवड नुसत्या टर्बोची नसते. इंधन, इंजिनाचा आकार आणि पासिंग (कागदोपत्री किती माल भरता येतो ते) हे सगळं एकदमच बदलतं.

चूक १: हॉर्सपॉवरचा आकडा बघून गाडी ठरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ब्रोशर उघडा. बोलेरो पिकअपचं २.५ लिटर टर्बो डिझेल: ७५ हॉर्सपॉवर. १.२ लिटरची बिगर टर्बो सीएनजी गाडी: सत्तरच्या थोडं वर. गिऱ्हाईक म्हणतं, "आकडा सारखाच आहे की, मग जास्त पैसे का मोजू?"

आकडा सारखा आहे, पण त्याच्या खालची बारीक अक्षरं वाचा. डिझेलचे ७५ हॉर्सपॉवर ३२०० आरपीएमला (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला ३२०० फेऱ्यांना) मिळतात, सीएनजीचे सत्तर ६००० ला. माल भरून ६००० आरपीएमवर पिकअप चालवणारा ड्रायव्हर अजून जन्माला यायचाय. घाटात गाडी दीड-दोन हजारावर चालते, तेव्हा तिथला हिशोब करायचा. तो कागदावर होतो: न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले सात हजार, की हॉर्सपॉवर आले. डिझेलला २०० न्यूटन-मीटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) १४०० ते २२०० आरपीएमपर्यंत सलग मिळतो. म्हणजे १५०० वर जवळजवळ ४३ हॉर्सपॉवर हाताशी. सीएनजी गाडीचा टॉर्क ९५ च्या आसपास, तोही २८०० ला. १५०० वर तो ८० धरला तरी १७ हॉर्सपॉवर. ब्रोशरमध्ये सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्या, आणि वळणावर दुसरा गिअर टाकला की अडीच पटीचा फरक.

म्हणून बिगर टर्बो पेट्रोल-सीएनजी वाईट, असं नाही. तिला रेस लागते, एवढंच. गिअर खाली टाकून २८००-३००० वर ठेवली तर ती आपल्या पासिंगचा माल निमूट चढवते. पण डिझेलवर हात बसलेला जुना ड्रायव्हर इंजिन ओरडलं की घाबरतो, वरचा गिअर टाकतो, गाडी धडधडते, मग म्हणतो "हिला ओढ नाही". गाडी घेण्याआधी ती चालवणार कोण, हे बघा.

टर्बोतही सगळं एका मापाचं नाही. वरच्या गाडीत २.५ लिटरमधून फक्त ७५ हॉर्सपॉवर काढलेत, म्हणजे इंजिन निवांत चालतं आणि धकाधकी सोसतं. टोयोटा हायलक्स पिकअपचं २.८ लिटर टर्बो २०४ हॉर्सपॉवर देतं. दोन्हीकडे शब्द टर्बो, स्वभाव वेगळा. रोजच्या मालवाहतुकीला लिटरमागे कमी ताण असलेलं इंजिन बरं, असं आमचं ठाम मत आहे. शोरूममधला पोरगा काहीही सांगो.

चूक २: रिकामी गाडी चालवून बघणं

रिकाम्या हौद्याने सगळ्याच गाड्या पळतात. सिमेंटच्या दहा गोण्या टाका, पाचशे किलो झाले. मग चढावर गाडी थांबवा, हँडब्रेक लावा आणि परत उचला. डीलर नाही म्हणाला तर तीच गाडी वापरणाऱ्या कुणाला तरी गाठा. नंतर तीन-चार वर्षं हप्ते भरायचेत, त्यापुढे एक सकाळ मोडली तर मोडली.

चूक ३: उंचीच्या गप्पांना भुलणं

"उंचीवर साध्या इंजिनाला हवा कमी पडते, टर्बोला नाही." खरं आहे, पण महाराष्ट्रात त्याचा बाऊ करू नका. बिगर टर्बो इंजिन हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. नाशिक-पुणे साडेपाचशे-सहाशे मीटरवर आहेत, म्हणजे पाच-सहा टक्के गेले. महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, तिथे तेरा-चौदा टक्के. हिमाचलातून सफरचंदं आणायची असती तर वेगळं बोललो असतो. इथे मारतो तो चढ आणि ओव्हरलोड.

चूक ४: गल्लीबोळातल्या कामाला टर्बो डिझेल

दूध, पाण्याचे जार, किराणा, गॅस सिलिंडर. तीन किलोमीटर चाललं, बंद. दोन किलोमीटर चाललं, बंद. या कामाला बीएस-६ टर्बो डिझेल घेणाऱ्यांची कीव येते.

कारण सायलेन्सरच्या वाटेवर बसलेला डीपीएफ. तो काजळी अडवतो आणि नंतर जाळतो. जाळायला तिथे सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि सलग पंधरा-वीस मिनिटं रनिंग लागतं. गाडी मध्येच बंद केली की जाळणं अर्धवट राहतं. उष्णता वाढवण्यासाठी बऱ्याच इंजिनांत जास्तीचं डिझेल सोडलं जातं. काम अर्धवट राहिलं की त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतं. महिन्याने कांडी ओढून बघा: ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसेल. मालक खूश, "गाडी ऑइल खात नाही." ते ऑइल नाही हो, डिझेल मिसळलंय! पातळ झालेलं तेच ऑइल मग टर्बोच्या बेअरिंगला जातं.

डीपीएफचा दिवा लागला तर गाडी बंद करू नका. हायवेला काढा, एक गिअर खाली ठेवून इंजिन दोन हजाराच्या वर राहील असं वीस मिनिटं चालवा. आठवड्यातून एकदा असं रनिंग होणारच नसेल तर बिगर टर्बो सीएनजी घ्या आणि सुखी राहा. "डीपीएफ काढून टाकतो, कटकट मिटेल" म्हणणारा मिस्त्री भेटेल. वॉरंटी जाईल आणि गाडी कायद्यातही बसणार नाही.

चूक ५: टर्बो का गेला ते न शोधता टर्बोलाच नावं ठेवणं

कोकणातल्या एका आंबेवाल्याच्या गाडीची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. रत्नागिरीहून साखरप्यामार्गे आंबा घाट चढून कोल्हापूर, हंगामात रोजची फेरी. टर्बो डिझेल पिकअप. घाट संपला की ड्रायव्हर टपरीसमोर गाडी लावायचा आणि चाक थांबायच्या आत चावी फिरवायचा. ऑइल ड्रममधलं सुटं.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो फिरतो ऑइलच्या पातळ थरावर. घाट चढून आल्यावर टर्बाइनचं घर तापून लाल व्हायच्या बेतात असतं. इंजिन बंद केलं की ऑइलचा प्रवाह थांबतो, आत राहिलेलं ऑइल जळून कोळसा होतं. एका दिवसात काही होत नाही. दोन हंगामांत तो कोळसा ऑइलच्या वाटेत साचत गेला, एक दिवस सायरनसारखा आवाज आला, मागे निळा धूर, आणि दांडा तुटला.

गावातल्या मिस्त्रीने दुसरा टर्बो बसवला, अर्ध्या दिवसात. सगळे त्याच्या झपाट्याचं कौतुक करत होते. नवव्या दिवशी तोही गेला.

दुसऱ्या गॅरेजवाल्याने टर्बोला हात लावण्याआधी त्याला ऑइल पोचवणारा पाइप सोडला. पाइपच्या टोकाला आरपार भोक असलेला पोकळ बोल्ट असतो. त्या भोकातून सुई जेमतेम जात होती, बाकी सगळा कोळसा. ऑइल परत नेणारा खालचा पाइप काढला तर फ्लँजला पॅकिंगऐवजी सिलिकॉन फासलेलं. दाबल्यावर ते आत फुगून निम्मी वाट अडवून बसलेलं. वरून ऑइल येईना, खालून जाईना. यात कंपनीचा दोष काय आणि टर्बोचा काय?

टर्बो बदलताना बाकीचंही करावं लागतं. ऑइलचा पुरवठा पाइप आणि पोकळ बोल्ट नवाच घ्यायचा, धुऊन जुना वापरायचा नाही. टर्बोच्या किमतीपुढे त्याची किंमत नगण्य. तांब्याचे वॉशर नवे. खालच्या फ्लँजला गॅस्केटच, सिलिकॉन बिलकुल नाही. जुन्या टर्बोची पाती तुटली असतील तर इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा रेडिएटर) उतरवून आतले तुकडे झाडायचे, नाहीतर ते इंजिनात जातात. ऑइल चेंबर काढून ऑइलची जाळी बघायची, ऑइल आणि फिल्टर बदलायचे. नव्या टर्बोच्या तोंडात दहा-वीस मिली स्वच्छ ऑइल ओतून दांडा बोटाने फिरवायचा. मग डिझेल तोडून ऑइलचा दिवा जाईपर्यंत दहा-दहा सेकंदांचे सेल्फ मारायचे. चालू झाल्यावर रेस न देता दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवायचं. यात पूर्ण दिवस जातो, आणि तो दिवस वाचवणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी देऊ नये.

आंबेवाल्याने मात्र एवढं ऐकलं नाही. "टर्बो नकोच" म्हणत गाडी विकली आणि १.२ लिटरची बिगर टर्बो सीएनजी घेतली. पासिंग सव्वासहाशे किलो, कारण टाक्यांचं वजनही त्यातूनच जातं. हंगामात भरल्या पंचावन्न पेट्या, पेटी वीस-बावीस किलोची. घाटाच्या मधल्या एका वळणावर समोरून एसटी आली म्हणून थांबावं लागलं. परत उचलताना पहिला गिअर, अर्धा क्लच, पूर्ण रेस. तीनदा प्रयत्न, चौथ्यांदा जळका वास, आणि क्लच प्लेट संपली. पेट्या दुसऱ्या गाडीत भरल्या, त्या कोल्हापूरला पोचल्या तेव्हा लिलाव उरकलेला. गाडी नवी होती, पण प्लेट वॉरंटीत बसली नाही. ओव्हरलोडची बसत नसते.

"टर्बो गेला" असं कुणी म्हणालं की आधी स्वस्तातल्या गोष्टी तपासा. एअर फिल्टर तुंबलाय का, इंटरकूलरचा होज फाटलाय किंवा क्लिप सैल आहे का (काळा धूर आणि ओढ कमी, हे त्याचंच लक्षण), व्हॅक्यूमने चालणारा ॲक्च्युएटर (टर्बोचा दाब आवरणारा भाग) असेल तर त्याची बारीक नळी तडकलीय का, त्याची दांडी अडकलीय का. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा हलका ओलावा दिसला तर घाबरू नका, तो असतोच. ओतण्याइतकं निघालं तरच टर्बोकडे वळा.

बाकीच्या, पटापट

थंड गाडी चालू करताच रेस मारू नका, अर्धा मिनिट थांबा. घाट चढून आल्यावर एक-दोन मिनिटं आयडल, मग बंद. दहा मिनिटं घरघर करत ठेवायची गरज नाही, त्याने डीपीएफच भरतो.

ऑइल मॅन्युअलमधल्या कोडचंच घाला. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, "जाड आहे, चांगलं आहे" हा निकष जुन्या जीपबरोबर गेला. घाटात आणि धुळीत चालणाऱ्या गाडीला मॅन्युअलमधल्या अंतराच्या निम्म्यावर ऑइल बदलतो, हा आमचा हट्ट समजा.

वीटभट्टी, मुरूम, ऊसतोड अशा ठिकाणी एअर फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा बाहेरून मारली की कागद फाटतो आणि धूळ टर्बोची पाती खाते. फिल्टरच्या पुढच्या होजमध्ये बोट फिरवून बघा. बोटाला माती लागली तर फिल्टर नवा घाला आणि क्लिपाही बघा.

चिप टाकून ताकद वाढवू नका. गिअरबॉक्स आणि क्लच जुन्याच ताकदीचे असतात.

भरलेली गाडी उतरवताना टर्बो असो वा नसो, न्यूट्रल मारू नका. ज्या गिअरमध्ये ती चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणाऱ्याला दोन-तीन दाबांनंतर ब्रेकचा पॅडल दगडासारखा लागतो, कारण बूस्टरचा व्हॅक्यूम संपलेला असतो.

बिगर टर्बो सीएनजी घेतली म्हणून देखभाल सुटली असंही नाही. प्लग वेळेवर बदला आणि व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (फट) मॅन्युअलप्रमाणे तपासून घ्या. गॅसवर व्हॉल्व्हच्या सीटा लवकर झिजतात, क्लिअरन्स कमी होत जातं, आणि सकाळी थंड इंजिन एका सिलिंडरवर मिस मारायला लागतं. त्यावर इंजेक्टर बदलून पैसे घालवू नका, आधी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावा.