मनोरुग्णालयातून सुटकेचा अर्ज: नातेवाइकांनी या चुका टाळाव्यात

आपला माणूस मनोरुग्णालयात दाखल आहे, त्याला बाहेर यायचंय आणि डॉक्टर सोडायला तयार नाहीत. अशा वेळी घरचे आधी ओळखीचा वकील नाहीतर नगरसेवक शोधायला लागतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 प्रमाणे जायचं असतं ते मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकून निर्णय देणाऱ्या मंडळाकडे. अर्जाला फी नाही, वकिलाची सक्ती नाही आणि हवा असेल तर मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा रुग्णाला हक्क आहे.

कोणत्या कलमाखाली दाखल केलंय, हे न विचारणं

सगळं यावर ठरतं. सज्ञान रुग्ण कलम 86 खाली स्वतःहून दाखल झाला असेल, तर त्याने मागितल्यावर सुट्टी द्यावी लागते. तपासणीसाठी फार तर 24 तास थांबवता येतं. कलम 89 खाली त्याची इच्छा नसतानाही दाखल करता येतं, पण जास्तीत जास्त 30 दिवस. त्यापुढे ठेवायचं असेल तर कलम 90 लागतं. 89 खाली दाखल केल्याविरुद्ध अर्ज केला तर मंडळाने 7 दिवसांत निर्णय द्यायचा असतो, 90 च्या बाबतीत 21 दिवसांत. म्हणून वॉर्डात पहिल्याच दिवशी कलम विचारा आणि लिहून घ्या.

"मी थोरला भाऊ, म्हणजे सही माझीच"

तसं नाही. रुग्णाने साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन कुणाला नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने अर्ज-सही करणारी व्यक्ती) नेमलं असेल, तर मान त्या व्यक्तीचा. ती मैत्रीणही असू शकते. कुणालाच नेमलं नसेल तेव्हा नातेवाइकाचा क्रम येतो. नेमणूक रुग्ण कधीही बदलू शकतो.

अर्ज आपल्याविरुद्ध आहे असं समजणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कलम 89 खाली दाखल करण्याचा अर्ज प्रतिनिधीच करतो, म्हणजे बहुतेक वेळा आई, नवरा किंवा भाऊ. मग रुग्णाने मंडळाकडे दाद मागितली की घरात बोललं जातं, "एवढं केलं आणि हा आमच्यावरच उलटला." दाद मागणं हा त्याचा हक्क आहे, आजाराचं लक्षण नव्हे. त्याला कागद-पेन द्या, अर्ज पोचवा, तुमचं मत वेगळं असलं तरी. कायद्याने प्रतिनिधीवर टाकलेलं काम असं, की रुग्णाच्या आजच्या आणि पूर्वीच्या इच्छा लक्षात घ्यायच्या आणि त्याच्या म्हणण्याला वजन द्यायचं. ज्याने दाखल करायला सही केली, तोच पुढे सुटकेसाठीही अर्ज करू शकतो. यात मला काहीच विसंगत वाटत नाही. माणूस सावरला की निर्णय बदलायलाच हवा.

सुनावणीतही तेच. सुनावणी बंद दाराआड होते आणि रुग्णाला स्वतः बोलण्याचा हक्क असतो. अध्यक्षांनी विचारलं, "झोप लागते का?" आणि बहिणीऐवजी भावानेच उत्तर दिलं, की तिचं म्हणणं तिथेच बुडालं. गप्प बसा. ती अडखळली तरी थांबा.

मोघम बोलणं

"डोकं ठिकाणावर नाही, कुणाचं ऐकत नाही" या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. कलम 89 ला स्वतःला इजा, दुसऱ्याशी हिंसक वागणं किंवा स्वतःची काळजी घेता न आल्याने निर्माण झालेला धोका, यांपैकी काहीतरी लागतं. शिवाय त्याहून सौम्य पर्याय उरलेला नसावा. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलं ते तारखेसह सांगा: "सोमवारपासून जेवला नाही, रात्री गॅस सुरू ठेवून बाहेर गेला." सुधारणाही तितक्याच नेमकेपणाने सांगा: "आता स्वतः गोळ्या मागतो, फोनवर मुलीचा अभ्यास विचारतो." सोयीची बाजू ठेवून गैरसोयीची लपवू नका, मंडळात मानसोपचारतज्ज्ञ बसलेले असतात.

नंतरचं काहीच न ठरवणं

तो राहणार कुठे, गोळ्या कोण देणार, ओपीडीची पुढची तारीख कोणती, हे एका कागदावर लिहून न्या. "घरात सांभाळायला कोणी नाही" एवढ्या कारणावरून मात्र कुणालाही आत डांबून ठेवता येत नाही. कलम 19 मध्ये ते स्पष्ट आहे.

मंडळाचा निर्णय पटला नाही, तर 30 दिवसांच्या आत उच्च न्यायालयात अपील करता येतं. आदेशाची प्रत त्याच दिवशी मागा आणि ती हातात आल्यावर वकिलाकडे जा.