जुन्या टू-स्ट्रोकचा कार्बोरेटर सेट करताना

साताऱ्यात गुळगुळीत चालणारी जुनी गाडी यवतेश्वरचा घाट चढून कासला गेली की भकभकते, धूर काढते. कास समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर उंच. हवा विरळ होते, पेट्रोल तेवढंच येतं, कार्बोरेटरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण घट्ट होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त.

आधी एअर फिल्टर साफ करा. कच्च्या रस्त्यावरच्या लाल धुळीने तो भरलेला असेल तर पुढची मेहनत फुकट. मग इंजिन चांगलं तापवून एअर स्क्रू (कार्बोरेटरवरचा, मिश्रण कमी-जास्त करणारा) हलक्या हाताने पूर्ण आत बसवा (जोर लावलात तर टोक खराब होईल) आणि दीड आटा (पूर्ण फेरा म्हणजे एक आटा) बाहेर काढा. तिथून पाव-पाव आटा फिरवत रेस सर्वात वर जाते ती जागा पकडा, शेवटी आयडल (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) खाली आणा. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर म्हणजे हवा जास्त. इंजिनच्या बाजूला असेल तर नेमकं उलटं. अडीच आट्यांपलीकडे जावं लागलं तर पायलट जेट (आयडलला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) साफ करा किंवा बदला.

गाडी थोडी फिरवून स्पार्क प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघा. तपकिरी उत्तम, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरट दिसला, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, तर गाडी दामटू नका, पिस्टन जाम होईल. खाली उतरल्यावर सेटिंग परत बदला.