घरून काम आणि घरात लहान मूल: या चुका टाळा

आमच्या टीममधले निम्म्याहून जास्त लोक घरून काम करतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी लहान मुलं आहेत. नवीन कोणी रुजू झालं की पहिल्या एक-दोन महिन्यांत त्याच चुका पुन्हा होताना दिसतात. चांगली, कष्टाळू माणसं उगाच दमून जातात, आणि त्याचा त्रास शेवटी मुलांना होतो. म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

मूल झोपलं की काम उरकू

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. घरीच आहोत, मग मुलाला सांभाळायला वेगळं कोणी कशाला, असा हिशेब केला जातो आणि कामाचा सगळा भार मुलाच्या दुपारच्या झोपेवर टाकला जातो.

एका सहकाऱ्याचं सांगते. त्याची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. बायको ऑफिसला जायची, हा घरी. मुलगी दुपारी दीडला झोपायची, म्हणून त्याने महत्त्वाच्या सगळ्या मीटिंग दोनला लावून घेतल्या. सुरुवातीला जमलं. मग तिची झोप पुढेमागे व्हायला लागली, तरी याने वेळा बदलल्या नाहीत. एका दुपारी ग्राहकाबरोबर कॉल चालू होता आणि मुलगी टक्क जागी. कॅमेरा बंद, माइक म्यूट, मुलगी मांडीवर. तिच्या हातून खडूंची पेटी सांडली, ती रडायला लागली, आणि हा टेबलाखाली वाकून खडू गोळा करत असताना ग्राहकाने विचारलं, "मग हे शुक्रवारपर्यंत मिळेल ना?" याने घाईघाईने म्यूट काढला आणि "हो, नक्की" म्हणून टाकलं. 'हे' म्हणजे काय ते त्याने ऐकलंच नव्हतं. त्याला वाटलं, आधी ठरलेली किरकोळ दुरुस्ती असेल. ग्राहक बोलत होता दोन आठवड्यांच्या कामाबद्दल.

शब्द गेला होता. आम्ही सगळे रात्री उशिरापर्यंत बसलो, तरी शुक्रवार चुकलाच. आणि जिच्याजवळ राहता यावं म्हणून याने घरून काम घेतलं होतं, ती पोरगी ते सगळे दिवस मावशीकडे होती.

दोन वर्षांच्या मुलाची झोप बदलत राहणारच. दात येतात, सर्दी होते, आणि पुढे कधीतरी दुपारची झोप पूर्ण सुटते. त्यामुळे ज्या वेळेत तुम्हाला दुसऱ्या माणसांशी बोलायचं आहे, त्या वेळेत मुलाजवळ दुसरं मोठं माणूस हवंच. पाळणाघर असो, आजी असो, जोडीदार असो. मी कामाच्या दोन याद्या करते: मध्येच सोडता येणारं आणि न येणारं. मेलला उत्तरं, कागदपत्रं वाचणं, हजेरी भरणं ही कामं पहिल्या यादीत, आणि मुलाच्या झोपेत फक्त तीच. झोप अर्ध्या तासात मोडली तरी काही बिघडत नाही, चिडचिड तर मुळीच होत नाही. कामाचे तास भरत नसतील तर साहेबांशी बोलून तास बदलून घ्या. पहाटे चारला उठून भरपाई करायचा उपाय मला कोणी सांगितला की मी स्पष्ट नाही म्हणते. मोठ्या माणसालाही किमान सात तास झोप लागते, आणि ती रोज कापलीत की त्याचा राग मुलावरच निघतो.

जो रिकामा असेल तो बघेल

दोघंही घरून काम करतात तिथे ही चूक हमखास होते. रिकामं कोणीच नसतं, त्यामुळे ज्याचं काम जरा लवचिक तोच प्रत्येक वेळी उठतो. बहुतेक घरांत ती आई असते. "आम्ही ॲडजस्ट करतो" असं जोडपी सांगतात, तेव्हा मी विचारते की गेल्या आठवड्यात कोणाच्या मीटिंग पुढे ढकलल्या गेल्या? उत्तर एकाच नावाचं येतं.

आमच्या घरी रविवारी रात्री दोघांची कॅलेंडरं शेजारी उघडून पाळ्या ठरतात आणि कागदावर लिहून फ्रिजवर लागतात. ज्याची पाळी त्याने सगळं बघायचं: शी, भांडण, हरवलेलं खेळणं. पाळी नसलेल्याने रडणं ऐकू आलं तरी बाहेर यायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे. पण तुम्ही दर वेळी धावत आलात, तर मूल दुसऱ्याकडून शांत व्हायला शिकणार कसं? लागलं-पडलं तर अर्थातच धावा.

अर्धवट हजर राहणं

मूल चित्र दाखवतंय, आई फोनकडे बघत "हं, छान" म्हणतेय. मूल तेच चित्र पुन्हा पुढे करतं, मग फोनवर धरतं, मग फोन ओढतं, आणि मग ओरडा खातं. मुलाची चूक काय?

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. आई तान्ह्या बाळाशी हसत-खेळत असते आणि मग ठरवून चेहरा निर्विकार करते. बाळ हसून, हात पुढे करून तिला परत आणायचा प्रयत्न करतं, आणि काही मिनिटांत अस्वस्थ होऊन तोंड फिरवतं. आई समोर असूनही तिचा प्रतिसाद थांबला, एवढं पुरेसं होतं. दिवसभर घरात असून स्क्रीनकडे बघणाऱ्या आई-बाबांनी याचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. सहा तास अर्धवट असण्यापेक्षा अर्धा तास जमिनीवर बसून पूर्ण खेळलेलं चांगलं.

कॉल संपला की लगेच दार उघडून मुलाकडे जाणंही टाळा. कामाच्या सवयींवर संशोधन करणाऱ्या सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये मांडलं की एका कामावरून दुसऱ्याकडे जाताना आधीच्या कामात लक्षाचा काही भाग अडकून राहतो. पुढे त्यांनीच दाखवलं की काम कुठे थांबलं आणि परत आल्यावर काय करायचं हे थोडक्यात लिहून ठेवलं, तर लक्ष लवकर सुटतं. मी खुर्चीतून उठण्याआधी वहीत दोन ओळी लिहिते, फोन टेबलाच्या खणात ठेवते आणि मगच बाहेर जाते.

खूण नसणं, किंवा खोटी खूण असणं

आई समोर दिसतेय पण आत्ता भेटणार नाही, ही गोष्ट तीन वर्षांच्या मुलासाठी फार अवघड आहे. "तासाभराने येते" याचा त्याला काही अर्थ लागत नाही. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी द्या. माझ्या खोलीच्या कडीला लाल फडकं असतं. फडकं आहे तोवर बाबांकडे जायचं, काढलं की थेट आत. नियम मुलापेक्षा मला जास्त लागू आहे: मीटिंग संपून वहीतल्या दोन ओळी लिहून झाल्या की त्याच क्षणी फडकं काढायचं. ते दिवसभर लटकत ठेवलंत तर मूल त्यावर विश्वास ठेवणं सोडून देतं, आणि मग दार वाजायला लागतं.

थोडक्यात काही

मूल कॅमेऱ्यात आलं म्हणून शरमून त्याला ढकलू नका. मार्च २०१७ मध्ये प्राध्यापक रॉबर्ट केली यांच्या बीबीसीवरच्या थेट मुलाखतीत त्यांची दोन्ही मुलं खोलीत शिरली, आणि लोकांना ती आवडलीच. मुलाला 'हॅलो' म्हणू द्या, बाहेर पोहोचवा, पुढे चला.

मुलामुळे उशीर झाला तर "नेट गेलं होतं" असं खोटं सांगू नका. खरं कारण कळलं तरच टीम वेळा बदलते.

पलंगावर बसून काम करू नका. मुलाच्या गोष्टीची जागा तीच असते.

कार्टून सकाळी दहालाच लावून मोकळे होऊ नका. २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. तो तास खऱ्या अडचणीसाठी राखून ठेवा.

तिसऱ्या दिवशी हार मानणं

सोमवारी रंगीत वेळापत्रक भिंतीवर, बुधवारी "आमच्याकडे नाही हो चालत". नव्या नियमाला मूल आधी ताणून बघणारच, पहिला आठवडा जास्त रडारडीचा जाणारच. एका वेळी एकच बदल करा आणि त्याला निदान दोन-तीन आठवडे द्या. पाच नियम एकदम लावणाऱ्यांना कोणता चालला आणि कोणता नाही हे कधीच कळत नाही.

आजारी मूल आणि "थोडं थोडं काम करते"

ताप आलेलं मूल कडेवर घेऊन मीटिंगला बसणारे लोक बघितले की जीव तुटतो. त्या दिवशी जोडीदाराबरोबर दिवस वाटून घ्या, नाहीतर सरळ रजा टाका. टीमला सकाळीच एक ओळीचा निरोप पाठवा, तातडीचं काय आहे आणि ते कोण बघेल हे त्यातच लिहा, आणि लॅपटॉप बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा.